शिंपले मरू लागले की औषधाआधी पाणी बघा

"कालपावेतो बरे होते जी. आज सकाळी जाळी उचलली त बास मारते. कोणतं औषध टाकू?"

गोड्या पाण्यात मोत्यांसाठी शिंपले पाळणाऱ्या माणसाचा फोन आला की बोलणं बहुतेक इथूनच सुरू होतं. औषधाचं नाव सांगणारेही भरपूर भेटतात. कोणी गुरांच्या दवाखान्यातली पुडी सांगतो, कोणी मेडिकलमधली कॅप्सूल, कोणी मोबाइलवर पाहिलेला उपाय. पुडी टाकली जाते, आणि उरलेले शिंपलेही आठवडाभरात तोंड उघडून पडतात. हे असं का होतं ते समजायला दोन गोष्टी नीट कळाव्या लागतात: शिंपला आतून कसा चालतो, आणि त्याला मारणारे जंतू राहतात कुठे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या पट्ट्यात शिंपला काही नवा नाही. कोहळी लोकांच्या हातचे जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, आणि धानाच्या बांधीजवळच्या बोड्या यांच्या गाळात तो आधीपासूनच आहे. ढिवरांच्या पोरांना तो पायाला टोचूनच माहीत होतो. नवं आहे ते त्याला पाळणं. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने, म्हणजे 'सिफा'ने, शिंपल्यात मणी बसवून मोती तयार करण्याची पद्धत बसवली. तिथून ती प्रशिक्षणांतून गावोगाव पसरली. आता शेततळ्यात, सिमेंटच्या टाक्यात, कुठे कुठे घरामागच्या हौदातही शिंपले टांगलेले दिसतात. या प्रशिक्षणांबद्दल माझी एक तक्रार आहे. मणी कसा बसवायचा ते तिथे हौसेने शिकवतात, पण पाण्याबद्दल जेमतेम अर्धा तास बोलतात. प्रत्यक्षात शिंपला मरतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे.

आत काय चालू असतं

आपल्याकडे पाळला जातो तो मुख्यतः लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीचा शिंपला. आठ-दहा सेंटिमीटर लांब, पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाचा असला की तो मणी बसवायच्या शस्त्रक्रियेला योग्य समजतात. दोन कवचं, मागे बिजागरी, आणि कवचं घट्ट ओढून धरणारे दोन जाड स्नायू. कवचाला आतून चिकटलेली एक पातळ चामडी असते, तिला पुस्तकात प्रावार म्हणतात. कवच आणि मोत्याची चमकदार थर दोन्ही हीच बनवते. मध्ये पडद्यांसारखे कल्ले असतात.

हे कल्ले श्वास तर घेतातच, पण चाळणीचंही काम करतात. त्यांच्यावरच्या बारीक केसांच्या हालचालीने पाणी एका बाजूने आत ओढलं जातं. त्यातलं शेवाळ, कुजलेल्या पानांचे कण आणि जिवाणूसुद्धा चिकट द्रवात अडकवून तोंडाकडे सरकवले जातात, आणि गाळलेलं पाणी दुसरीकडून बाहेर पडतं. एक शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळतो. म्हणजे जिवाणू हा शिंपल्याच्या जेवणाचाच भाग आहे. अगदी ठणठणीत शिंपला प्रयोगशाळेत उघडला तरी त्याच्या अंगात जिवाणू सापडतात, आणि त्यांत रोगाला कारण ठरणारेही असतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

शिंपल्याचं रक्त लाल नसतं, जवळपास पाण्यासारखं असतं. ते आपल्यासारखं बंद नळ्यांतून फिरत नाही. काही भागात शरीराच्या पोकळ्यांमध्ये मोकळं वाहतं. त्यामुळे एका जागी जखम झाली आणि तिथून जंतू शिरले की ते अंगभर पसरायला वेळ लागत नाही. आणि मासळीच्या अंगावर लाल चट्टे दिसतात तशी आतल्या रक्तस्रावाची खूण इथे डोळ्याला दिसणारच नाही.

प्रतिकारासाठी त्याच्याकडे जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी आहेत, जंतूंची भिंत फोडणारी काही रसायनं आहेत. पण आपल्या किंवा जनावरांच्या रक्तात तयार होतात तशी प्रतिपिंडं त्याच्यात तयार होत नाहीत. कोंबडीला किंवा गाईला लस देतो तशी शिंपल्याला देता येत नाही ती म्हणूनच. "शिंपल्याची लस" म्हणून कोणी बाटली विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

तिसरी गोष्ट त्याच्या स्वभावाची. पाणी बिघडलं, धक्का लागला, तिखट काही पाण्यात आलं की शिंपला कवच मिटून घेतो. ऑक्सिजनशिवायही तो काही काळ तग धरू शकतो. पण मिटून बसलेला शिंपला जेवत नाही, आतली घाण बाहेर टाकत नाही, आणि अंगात साठवलेलं खात राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मिटलेला आहे, म्हणजे बरा आहे.

जंतू कोण, आणि राहतात कुठे

समुद्रातल्या शिंपल्यांच्या शेतीत सगळ्यात बदनाम जिवाणू म्हणजे व्हिब्रिओ. कॉलऱ्याचा जंतू याच कुळातला. त्याच्या काही जाती शिंपल्यांच्या अंडी-पिल्ली केंद्रात शिरल्या तर एक-दोन दिवसांत पिल्लांच्या टाक्या रिकाम्या करतात. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर १९८७ मध्ये पाळीव तिसऱ्यांमध्ये एक रोग आढळला. त्यात कवचाच्या आतल्या कडेला तपकिरी कडं उमटायचं, आणि तेही व्हिब्रिओच्याच एका जातीचं काम निघालं.

आपल्या गोड्या पाण्यात त्या जागेवर एरोमोनास आहे. पूर्वी शास्त्रज्ञ त्याला व्हिब्रिओच्याच कुळात धरत असत, नंतर वेगळं काढलं. त्याच्या जोडीला स्यूडोमोनास. रोहू-कतला पाळणाऱ्यांना एरोमोनासची ओळख आहेच. पोट फुगणं, खवले उभे राहणं, अंगावर फोड येणं, यांत त्याचा हात असतो. तो तलावाच्या पाण्यात असतो, गाळात असतो, माशाच्या आतड्यात आणि शेणकाल्यातही असतो. त्याला तलावातून घालवता येत नाही. रसायन ओतून पाणी आज निर्जंतुक केलं, तरी उद्या पहिला बगळा उतरला की तो परत आला.

म्हणून रोग "आला" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरून काही आलेलं नसतं. जंतू आधीपासून होते, शिंपलाही आधीपासून होता. दोघांचा तोल बिघडला. एक तर जंतूंची संख्या एकदम वाढली, नाही तर शिंपल्याचा जोर कमी झाला. आपल्याकडच्या मे महिन्यात दोन्ही एकाच वेळी होतं.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगतो. एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरू शकतो. हाताला कापलेलं असताना मेलेले शिंपले उघड्या हाताने काढू नका, रबरी हातमोजे घाला. आणि तोंड उघडून पडलेले शिंपले भाजीसाठी घरी नेण्याचा तर विचारही नको.

नवतपा आणि तळ्याचं पाणी

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर इथे मे महिन्यात, त्यातही मेअखेरीच्या नवतप्याच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे सांगायला नको. तळ्याचं पाणी हवेइतकं तापत नाही, पण उथळ तळ्यात वरचा थर पस्तिशीच्या घरात सहज जातो. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पस्तीस अंशांना सातच्या आत. त्याच वेळी गरमीने शिंपल्याची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, आणि एरोमोनाससाठी तर हाच सुगीचा काळ. तीस अंशांच्या आगेमागे तो सगळ्यात वेगाने वाढतो.

त्यात भर पडते हिरव्या पाण्याची. शिंपल्याला खायला शेवाळ हवं म्हणून आपण शेणकाला टाकतो, कोणी युरिया आणि सुपर फॉस्फेटही टाकतो. थोडं टाकणं बरोबरच आहे. पण पाणी गर्द हिरवं झालं की लोक खूश होतात, आणि इथेच घोळ होतो. दिवसा हे शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन खातं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. आपण तळ्यावर जातो सकाळी आठला. तोवर ऊन चढलेलं, ऑक्सिजन परत वर आलेला, आणि मीटर लावलं तरी आकडा छान दिसतो. मासे असले तर पहाटे वर येऊन तोंड मारताना दिसतात. शिंपला वर येऊ शकत नाही, तो जाळीत मुकाट मिटून राहतो. त्यामुळे मोजायचंच असेल तर उजाडायच्या आत मोजा, नाही तर मोजून फायदा नाही.

दुसरी गोष्ट अमोनिया. शिंपल्याची आणि माशांची विष्ठा, कुजणारं शेण आणि मेलेले शिंपले, या सगळ्यातून अमोनिया तयार होतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक फारसं त्रास देत नाही आणि दुसरं विषारी. किती भाग विषारी रूपात जाईल हे पाण्याचा सामू (म्हणजे पीएच, पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तापमान ठरवतात. तीस अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी नसतो. सामू ८ झाला की सात-साडेसात टक्के. सामू ९ झाला की जवळपास पंचेचाळीस टक्के. अमोनिया तेवढाच, विष मात्र पन्नासपट. आणि गर्द हिरव्या पाण्याचा सामू दुपारी नऊच्या वर जाणं ही रोजची गोष्ट आहे, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं.

गोड्या पाण्यातले शिंपले अमोनियाच्या बाबतीत फार नाजूक असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा आणखी कडक केली ती मुख्यतः शिंपले आणि गोगलगाई यांच्यासाठीच. म्हणजे ज्या पाण्यात रोहू मजेत फिरतोय तेच पाणी शिंपल्याला हळूहळू मारत असू शकतं. "मासे चांगले आहेत, म्हणजे पाणी चांगलं आहे" हा हिशेब इथे चालत नाही.

शेततळ्यांची वेगळीच अडचण आहे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून पुष्कळ तळी झाली, अनेकांनी तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला. कागदामुळे पाणी मुरत नाही हे खरं, पण मातीशी पाण्याचा संबंधही तुटतो. पावसाचं पाणी जवळपास बिनक्षाराचं असतं, आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम त्याला मातीतून मिळायला हवं. ते मिळालं नाही की कवच पातळ, कडा ठिसूळ. मामा तलावाच्या गाळातला शिंपला आणि कागदाच्या तळ्यातला शिंपला शेजारी ठेवून पाहिले तर फरक बोटाला कळतो.

आता जाळ्यांकडे या. नायलॉनच्या जाळीत दोन-दोन शिंपले घालून बांबूला किंवा पाइपला बांधून साधारण एक मीटर खोल सोडतात. दिवाळीत एक मीटर खोल सोडलेली जाळी मे महिन्यात कुठे असते? बांबू काठावर खुंट्यांना पक्का बांधलेला असेल तर पाणी उतरल्यावर ती वरच्या तापलेल्या थरात येते. बांबू तरंगता असेल तर तळ वर आल्यासारखा होतो आणि जाळी गाळाला टेकते, जिथे ऑक्सिजन नसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सुटत असतो. दोन्हीकडून नुकसानच. दोरीची लांबी महिन्यातून एकदा तरी बदलावी लागते. अगदी साधं काम, आणि मी पाहिलेल्या तळ्यांवर सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

मग येतो मृगाचा पहिला पाऊस. सगळ्यांना वाटतं, सुटलो. पण पहिल्या जोरदार पावसाचं गार पाणी खाली जातं, तळाचं बिनऑक्सिजनचं पाणी वर येतं, बांधावरची माती आणि शेतातलं खत-औषध वाहून येतं. उन्हाळाभर कसाबसा टिकलेला शिंपला या आठवड्यात जातो. यवतमाळ-वर्ध्याकडे कपाशीच्या शेताला लागून तळं असेल तर फवारणीचं पाणी तळ्यात उतरणार नाही अशी चर आधीच काढून ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर ते जमत नाही.

चाकूची जखम

मोत्यासाठी केलेली शस्त्रक्रिया ही जंतूंना आपणच उघडून दिलेली वाट आहे. कवच थोडं उघडून, प्रावार हलक्या हाताने कवचापासून सोडवून त्यामागे मणी किंवा साचा सरकवतात. खोलवरच्या पद्धतीत प्रावाराचा तुकडा आणि मणी अंगातच बसवतात. कवच जास्त ताणलं की मिटवणारा स्नायू फाटतो. असा शिंपला पाण्यात परत सोडला की वरून ठीक दिसतो, पण त्याला पूर्ण मिटताच येत नाही. पुढच्या दोन-चार दिवसांत पहिला जातो तो हाच.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर शिंपले लगेच तळ्यात सोडत नाहीत. साधारण दहा दिवस स्वच्छ पाण्याच्या टाक्यात ठेवतात, रोज तपासतात, मेलेले आणि मणी बाहेर टाकलेले वेगळे करतात. सिफाच्या पद्धतीत प्रतिजैविकाचा वापर आहे तो याच टप्प्यावर. तिथे तो समजण्यासारखा आहे: पाणी मोजकं, जखम ताजी, औषधाची मात्रा ठरलेली, मुदत ठरलेली, आणि ते पाणी वेगळं काढता येतं. हाच धागा पकडून लोक तळ्यात औषध टाकतात, आणि तिथे यातलं एकही लागू होत नाही.

अवजारं उकळत्या पाण्यात टाकणं, प्रत्येक शिंपल्यानंतर टोक स्पिरिटने पुसणं, मणी उकळून घेणं, या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. पहिले वीस शिंपले नीट होतात. मग पाठ दुखायला लागते, चहा येतो, आणि एकच चाकू शंभर शिंपल्यांत फिरतो. हे काम दोघींनी वाटून घ्यावं, एकीने फक्त अवजारं आणि पाणी सांभाळावं. काही बचत गटांतल्या बायका असंच करतात, आणि माझ्या पाहण्यात त्यांच्याकडची मर कमी असते. काम थंडीच्या तोंडावर करावं, पाणी उतरतं आणि तापतं त्या दिवसांत नव्हे. नदीतून किंवा दुसऱ्या गावच्या तलावातून आणलेले शिंपलेही थेट जुन्या शिंपल्यांत मिसळू नका. पोत्यात बांधून, उन्हात, दुचाकीवर आलेला शिंपला आधीच अर्धमेला असतो. ओल्या बारदान्यात, संध्याकाळी आणावा, आणि पंधरा दिवस वेगळ्या टाक्यात ठेवून बघावा.

सापडला तोच गुन्हेगार असं नाही

समजा तुम्ही मेलेला शिंपला तपासायला पाठवला आणि अहवालात 'एरोमोनास' आलं. मग रोग सापडला म्हणायचा का? मेलेल्या ढोरावर गिधाड बसलेलं दिसलं म्हणून गिधाडाने ढोर मारलं असं आपण म्हणत नाही. बत्तीस अंशांच्या पाण्यात मेलेल्या शिंपल्यात काही तासांतच हे जिवाणू भरून जातात, मग मरणाचं कारण काहीही असो.

अमेरिकेतल्या टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांतून वाहणाऱ्या क्लिंच नदीत २०१६ पासून शिंपले मोठ्या संख्येने मरायला लागले. मरणाऱ्या शिंपल्यांत योकेनेला नावाचा एक जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. पण तपासणाऱ्यांनीच प्रश्न ठेवला, हा जिवाणू मरणाचं कारण की परिणाम? पुढे २०२० मध्ये त्याच शिंपल्यांत एक नवा विषाणू सापडला, आणि निरोगी शिंपल्यांपेक्षा आजारी शिंपल्यांत तो कितीतरी जास्त होता. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडच्या मासळीवाल्यांना याहून जवळचं उदाहरण आहे. १९८८ मध्ये भारतात आलेला लाल ठिपक्यांचा, अंगावर खोल जखमा पाडणारा रोग. जखमांत एरोमोनास भरपूर सापडायचा, म्हणून आधी बोट त्याच्याकडे दाखवलं गेलं. मूळ कारण निघालं ॲफॅनोमायसिस नावाचं बुरशीसारखं जंतू. एरोमोनास मागून आत शिरलेला.

याचा अर्थ एरोमोनास निर्दोष आहे असा नाही. थकलेल्या शिंपल्याला तो नक्की मारतो. पण शिंपला थकला कशाने, हे शोधल्याशिवाय जंतूचं नाव कळून हाती फार काही लागत नाही.

औषधांचं दुकान

पुडी टाकायचीच असं ठरवलं तर थोडा हिशेब करा. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, उताराच्या काठाचं शेततळं भरलेलं असताना त्यात साधारण वीस लाख लिटर पाणी असतं. लिटरला फक्त एक मिलिग्रॅम औषध पोचवायचं म्हटलं तरी दोन किलो शुद्ध प्रतिजैविक लागेल. दहा-वीस कॅप्सूल फोडून टाकल्या तर शिंपल्यापर्यंत काहीही पोचत नाही. आणि शिंपला आजारी असेल तर तो मिटलेला असतो, औषध बाहेरच राहतं. जे पोचतं ते गाळातल्या उपयोगी जिवाणूंना, ज्यांचं काम अमोनियाचं रूपांतर करून तो निरुपद्रवी करणं हे असतं. ते कमी झाले की अमोनिया वाढतो. औषध टाकल्यावर मर वाढते ती बऱ्याचदा अशी. शिवाय थोड्या मात्रेच्या औषधातून वाचलेले जंतू त्या औषधाला सरावतात, आणि त्याच तळ्यावर गुरं पाणी पितात, माणसं हातपाय धुतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यशेतीत वापरायला बंदीच आहे. दुकानदार काहीही म्हणो.

मोरचूद तर हातात घेऊच नका. संत्र्याच्या बागा असलेल्या घरात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद कोपऱ्यात पडलेलंच असतं, आणि शेवाळ मारायला ते टाकतात हे खरं आहे. पण त्यातलं तांबं शिंपल्याला अगदी थोड्या मात्रेतही विष आहे. मासळीच्या तळ्याचा सल्ला शिंपल्याच्या तळ्याला लावला की असं होतं. पोटॅश खताचंही तसंच. परदेशात नको असलेले झेब्रा शिंपले मारायला पाण्यात पोटॅशियम क्लोराइड घालतात, म्हणजे आपल्याकडचं म्युरेट ऑफ पोटॅशच. खताची पोती तळ्याच्या काठावर ठेवायची सवय मोडा.

चुन्याबद्दल मत जरा वेगळं आहे. कॅल्शियमसाठी आणि सामू स्थिर राहण्यासाठी तो हवाच. पण शिंपले मरत असताना, हिरव्या पाण्यात, घाईने कळीचा चुना टाकला तर सामू उसळी घेतो, आणि अमोनियाचं गणित वर सांगितलंच आहे. चुना थंडीत, थोडाथोडा, शक्यतो शेतीचा दळलेला चुनखडीचा, सामू मोजून टाकावा. सामू मोजायची कागदी पट्टी महाग नसते. मोत्यांच्या हिशेबात ती कुठेही दिसणार नाही.

मग मर सुरू झाली तर त्या दिवशी करायचं काय? सगळ्या जाळ्या वर घ्या. प्रत्येक शिंपल्याला नखाने टिचकी मारा. धडधाकट शिंपला उघडा असला तर झटकन मिटतो, पाण्याची बारीक चिळकांडी उडते. आजारी शिंपला मिटतो, पण सावकाश, जणू विचार करून, आणि कडेला चिकट शेंबडासारखा द्रव लोंबतो. प्रावार कडेपासून मागे सरलेली दिसते. दोन शिंपले एकमेकांवर आपटून बघा. भरलेल्याचा आवाज घट्ट येतो, रिकाम्याचा पोकळ, आणि चिखल भरलेला उगाच जड लागतो. मेलेले लगेच बाजूला काढा, कारण एकाच जाळीतला मेलेला शिंपला शेजारच्याच्या कल्ल्यांत थेट सडकं पाणी सोडत असतो. संशयित वेगळ्या टाक्यात, सावलीत ठेवा. शेण आणि खत त्या दिवसापासून बंद. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते तळ्यात थोडंथोडं, उंचावरून पडेल असं सोडा, रात्री जास्त. दाटी झाली असेल तर जाळ्यांमधलं अंतर वाढवा. उन्हाळ्यात पाहणी एक दिवसाआड हवी, पंधरा दिवसांनी एकदा करून भागत नाही.

तपासणीसाठी पाठवायचे ते जिवंत, पण आजारी दिसणारे शिंपले. मेलेल्यांतून काही कळत नाही. त्यांच्यासोबत दोन-तीन धडधाकटही द्या, म्हणजे तुलना करता येते. पाण्यात बुडवून पाठवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून, थर्मोकोलच्या डब्यात, बर्फ थेट अंगाला लागणार नाही असा ठेवून पाठवा. वेगळ्या बाटलीत तळ्याचं पाणी, आणि कागदावर पहाटेचं व दुपारचं तापमान, सामू, काय काय टाकलं, मर कधीपासून हे लिहा. विदर्भात नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येतं. तिथे स्नायूतून सुईने थोडं रक्त काढून जिवाणू वाढवून बघतात, आणि कोणत्या औषधाने तो मरतो हेही तपासता येतं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. औषध लागलंच, तर ते या अहवालावरून, टाक्यातल्या शिंपल्यांना आणि ठरलेल्या मुदतीपुरतंच द्यायचं.

मेलेले शिंपले नाल्यात फेकायची सवय फार वाईट आहे, कारण आपला नाला पुढच्या गावच्या बोडीत जातो. तळ्यापासून लांब, पाणी झिरपून परत येणार नाही अशा जागी खड्डा करून चुना टाकून पुरा. रिकाम्या झालेल्या जाळ्या धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, आणि मगच त्यात दुसरे शिंपले घाला.